सोन्यामागें राहिलेला सोमल

कॅनडाच्या वायव्य प्रदेशांत, ग्रेट स्लेव्ह नांवाच्या अफाट सरोवराच्या उत्तर कांठीं यलोनाइफ हें शहर आहे. नांवाचा अर्थ पिवळी सुरी. सोन्याच्या खाणींमुळें हें नांव पडलें असावें, असें कोणासही वाटेल; परंतु तें पडलें तेथील मूळच्या डेने लोकांच्या तांब्याच्या सुऱ्यांवरून. सोनें मागाहून आलें. शहराला लागूनच असलेल्या ‘जायंट’ खाणीच्या जागेवर १९३५ सालीं हक्काच्या खुणा रोवल्या गेल्या आणि १९४८ च्या जूनमध्यें सोन्याची पहिली वीट ओतली गेली. २००४ पर्यंत या खाणीनें ७० लाख औंसांहून अधिक सोनें दिलें.

हें सोनें नदीच्या वाळूंतील कणांसारखें मोकळें नव्हतें. लोखंड, गंधक आणि आर्सेनिक यांच्या खनिजांत तें इतकें घट्ट रुतलेलें होतें कीं, नुसता दगड कुटून भागत नसे. तो भट्टींत भाजावा लागे. भाजतांना आर्सेनिक वाफ होऊन धुराबरोबर वर जाई आणि निवतांच त्याची पांढरी पूड होई. आपल्याकडे ज्याला सोमल म्हणतात, तीच ही पूड. तिला वास नाहीं, चव नाहीं, आणि पाण्यांत ती विरघळते.

आरंभींच्या वर्षांत ही पूड धुराड्यांतून सरळ आकाशांत जात असे आणि बर्फावर येऊन बसे. डेने कुटुंबें तेंच बर्फ वितळवून पाणी पीत. १९५१ सालीं जवळच्या वस्तींतील एक लहान मूल असें पाणी पिऊन दगावलें. त्याच वर्षीं धुरांतून पूड वेगळी काढणारें यंत्र बसलें. इशारेही निघाले, पण ते इंग्रजींत. ज्यांच्या चुलीवरच्या भांड्यांत विष उतरत होतें, त्यांच्यापैकीं पुष्कळांना ती भाषा वाचतां येत नव्हती. अशा इशाऱ्याला इशारा म्हणावें काय?

यंत्रानें धरलेली पूड ठेवावयाची कोठें? उत्तर सोपें वाटलें. सोनें काढून रिकाम्या झालेल्या पोकळ्यांत आणि मुद्दाम खोदलेल्या दालनांत ती भरावयाची. भोंवतालची गोठलेली जमीन तिला कायमची कोंडून ठेवील. परंतु खाणकामाच्या उबेनें ती जमीनच वितळूं लागली. आज तेथें भूमींत २ लाख ३७ हजार टन सोमल आहे. पाणी त्या दालनांपर्यंत चढूं नये म्हणून तें सतत उपसावें लागतें; कारण तेथून सरोवर हाकेच्या अंतरावर आहे.

१९९२ च्या संपाच्या काळांत भुयारांत मुद्दाम घडवून आणलेल्या स्फोटांत नऊ कामगार ठार झाले. ती शोकान्त कथा स्वतंत्र व्याख्यानाची आहे. १९९९ सालीं मालक कंपनीचें दिवाळें वाजलें. सोनें कधींच बाजारांत गेलें होतें. सोमल तेवढा सरकारच्या, म्हणजे प्रजेच्या, पदरीं पडला. त्याच्या बंदोबस्ताचा खर्च २०२२ च्या अंदाजाप्रमाणें ४३८ कोटी डॉलर आहे.

हा बंदोबस्त म्हणजे जमीन पुन्हां गोठविणें. त्याची युक्ति मोठी गमतीची आहे. कर्बद्विप्राणिल वायु भरलेल्या लांब, बंद नळ्या जमिनींत उभ्या पुरतात. त्यांचीं वरचीं टोकें उघड्या हवेंत असतात. हिवाळ्यांत वरचा वायु थंडीनें द्रव होऊन खालीं ओघळतो, जमिनीची ऊब शोषून पुन्हां वायु होतो आणि ती ऊब वर नेऊन हवेंत सोडतो. इंजिन नाहीं, इंधन नाहीं. कडाक्याची थंडीच राबते. उन्हाळ्यांत नळ्या आपोआप विसांवा घेतात.

परंतु गोठविलेला सोमल नाहींसा होत नाहीं. प्रथम ही व्यवस्था अनंत काळासाठीं योजिली होती. डेने लोकांनीं व नगरवासीयांनीं तिला हरकत घेतली आणि २०१३ सालीं परीक्षण मंडळानें तिची मर्यादा शंभर वर्षांवर आणली. तेवढ्या अवधींत कायमचा उपाय शोधावयाचा आहे. दरम्यान, येथें खणूं नका हें पुढच्या पिढ्यांना कसें कळवावें, याचा विचार वृद्ध डेने मंडळी संशोधकांसह करीत आली आहेत. दगडावर खूण कोरावी कीं चित्र काढावें, कीं नातवंडांना सांगावयाची एखादी गोष्टच रचावी, असे तो प्रश्न आहे. नुसती इंग्रजी पाटी पुरत नाहीं, हें त्यांना १९५१ पासून ठाऊक आहे.