सल्लागाराचा स्वाध्याय

न मागता सल्ला देणाऱ्यांची आपल्या समाजात कधीच वाण नव्हती. गावच्या पारावर, कचेरीच्या ओसरीत, आजाऱ्याच्या उशापाशी असे सल्लागार हटकून भेटतात. त्यांच्या सल्ल्याला मोल नसते आणि त्याबद्दल त्यांची तक्रारही नसते. परंतु ज्या सल्ल्यासाठी माणूस पदरचे द्रव्य मोजतो आणि ज्याच्या भरवशावर घर बांधतो, कारखाना काढतो किंवा नगरपालिका लक्षावधी रुपयांचे काम हाती घेते, त्या सल्ल्याची गोष्ट निराळी. तो चुकला, तर सल्ला देणारा आपली फी घेऊन आधीच पुढच्या गावी गेलेला असतो. भोगावे लागते ते मागे राहिलेल्यांना. या धंद्यात शिरू पाहणाऱ्या तरुणाने पहिल्या दिवशी ध्यानात घ्यावी अशी ही गोष्ट आहे.

वैद्यकी, वकिली, इंजिनियरी ही शास्त्रे महाविद्यालयांत शिकवली जातात. दुसऱ्याची अडचण नीट ऐकून घेणे, त्याने विचारलेल्या प्रश्नामागचा खरा प्रश्न हुडकणे, परक्या गावी जाऊन तिथली माहिती थोडक्या दिवसांत गोळा करणे आणि कटू निष्कर्षही समोरच्याला पटेल अशा भाषेत मांडणे, ही मात्र वेगळी विद्या आहे. अलीकडे तिचेही वर्ग निघाले आहेत. घरबसल्या शिकण्याची सोयही झाली आहे. तथापि जे खरोखर नावारूपाला आले, त्यांतील बहुतेकांनी ती स्वतःच्या बुद्धीने आणि स्वतःच्या खर्चाने मिळवली. तिचे एक ठळक उदाहरण हैदराबाद आणि ग्वाल्हेर येथील मंडळींच्या अगदी जवळचे आहे. ते म्हणजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे.

विश्वेश्वरय्यांविषयी दंतकथा पुष्कळ आहेत. सरकारी कामाची मेणबत्ती वेगळी आणि घरच्या कामाची वेगळी, ही त्यांतली सर्वांत लोकप्रिय. अशा कथांनी माणूस पूज्य होतो. पण त्याच्यापासून शिकावे असे काही हाती लागत नाही. या गृहस्थांनी सल्लागाराची तयारी कशी केली, ते पाहणे अधिक फलदायी ठरेल.

म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले आणि १८८३ साली इंजिनियरीच्या परीक्षेत पहिले आले. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात साहाय्यक इंजिनियर म्हणून त्यांची नेमणूक झाली. नाशिक, खानदेश, पुणे अशा बदल्या होत गेल्या. दुसऱ्या कोणाला या बदल्या कंटाळवाण्या वाटल्या असत्या. विश्वेश्वरय्यांच्या दृष्टीने प्रत्येक नदी हा एक नवा ग्रंथ होता. खानदेशात पांझरा नदीखालून नळ नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. पावसाळा तोंडावर होता, म्हणून काम पुढे ढकलावे असे त्यांनी वरिष्ठांना कळवले. वरिष्ठांना तो कामचुकारपणा वाटला. तेव्हा हा तरुण अधिकारी मुकाट्याने कामाला लागला, पुरात अडकला आणि पोहून परतला. सल्ला बरोबर असणे पुरेसे नाही, तो गळी उतरेल अशा रीतीने देताही आला पाहिजे, हे पांझरेच्या काठी जसे कळले असेल तसे ते कोणत्या पुस्तकातून कळणार?

सिंधमध्ये सक्कर येथे त्यांच्यापुढे निराळाच पेच उभा राहिला. सिंधू नदीचे पाणी गढूळ, आणि ते गाळण्यासाठी रीतसर हौद बांधण्याइतका पैसा नगरपालिकेपाशी नाही. पुस्तकी उत्तर तयार होते. परंतु ते नगरपालिकेला परवडणारे नव्हते. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच काठाजवळ विहीर खणवली आणि वाळूतून पाझरून येणारे पाणी तिच्यात घेतले. गाळणीचे काम नदीच्या वाळूनेच केले. १८९५ च्या सुमारास झालेल्या या कामात खर्च वाचला हे तर खरेच; परंतु गिऱ्हाइकाची गरिबी हीदेखील प्रश्नातली एक दिलेली बाब आहे, तिच्याकडे डोळेझाक करून काढलेले उत्तर कितीही शास्त्रशुद्ध असले तरी ते उत्तर नव्हे, हा धडा त्यात होता. आजही लठ्ठ अहवाल लिहून देणारे कित्येक सल्लागार नेमके इथेच चुकतात.

पुण्याजवळ खडकवासल्याच्या तलावावर त्यांनी स्वयंचलित दारे बसवली. पाणी ठराविक पातळीवर चढले की ती आपोआप उघडत आणि पाणी उतरले की मिटत. मूळ धरणाची उंची न वाढवता तलावात अधिक पाणी साठू लागले. याच सुमारास नीरा कालव्याच्या पाण्याचा वाद त्यांच्यापुढे आला. उसाचे मोजके बागायतदार बरेचसे पाणी ओढून घेत; त्यांच्या जमिनी चिबडत आणि पलीकडची गावे कोरडी राहत. हा प्रश्न वरवर पाहता पाण्याचा. आतून तो माणसामाणसांतील हितसंबंधांचा होता. ऊस, भात आणि कोरडवाहू पीक आलटून पालटून घ्यावे आणि पाणी ठरलेल्या गटांना मिळावे, अशी पद्धत त्यांनी आखली. ती ‘ब्लॉक पद्धत’ म्हणून ओळखली जाते. इंजिनियरीच्या पदवीत शेतकऱ्याचे अर्थशास्त्र नव्हते. ते त्यांना बांधावर उभे राहूनच शिकावे लागले. पुण्याच्या वास्तव्यात न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्या सहवासाचा लाभ त्यांना झाला होता. आपल्या धंद्याबाहेरच्या थोर माणसांत ऊठबस ठेवणे हेही एक प्रकारचे शिक्षणच होय. पुष्कळ हुशार तंत्रज्ञ केवळ तंत्रज्ञांतच वावरतात आणि मग त्यांना लोकांशी बोलता येत नाही.

१८९८ साली त्यांनी रजा घेतली आणि स्वतःच्या खर्चाने जपान गाठले. त्या काळी वरिष्ठ नोकरीतला हिंदी माणूस परदेशी गेलाच तर विलायतेला जाई. यांनी निवडला तो एका पिढीत कारखाने आणि शाळा उभारणारा आशियातील देश. पुढेही त्यांचे असे प्रवास होत राहिले. शेवटचा मोठा प्रवास १९४६ सालचा, वयाची पंचाऐंशी वर्षे उलटल्यावर केलेला. ज्याला दुसऱ्यास उद्या काय करावे हे सांगायचे आहे, त्याने कालच्या पदवीवर विसंबून राहून चालत नाही, आणि त्यासाठी कोणी पाठवील म्हणून वाट पाहूनही चालत नाही.

१९०८ साली त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. खात्यातील सर्वोच्च जागा हिंदी माणसास मिळण्याची आशा त्या राजवटीत नव्हती. नोकरी सुटताच ते परदेशी निघाले आणि ते युरोपात असतानाच हैदराबादेवर तो भयंकर प्रसंग गुदरला.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला. एका दिवसात शहराचे वस्तीचे भाग धुऊन निघाले, पूल मोडले, हजारो माणसे दगावली. अफझलगंजच्या रुग्णालयाच्या आवारातील चिंचेच्या झाडावर सुमारे दीडशे माणसे चढून वाचली, ही आठवण हैदराबादेत आजही सांगतात. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. हाती घेतलेला प्रवास पुरा करून ते एप्रिल १९०९ मध्ये हैदराबादेत रुजू झाले. शहराच्या पुनर्रचनेस साहाय्य करणे, पुरापासून संरक्षणाची योजना सुचवणे आणि सांडपाण्याच्या निकालाची व्यवस्था आखणे, अशी तीन कामे त्यांच्याकडे होती.

येथे क्षणभर थांबून त्या शहराच्या मनःस्थितीची कल्पना करावी. घरोघर सुतक होते. अशा वेळी कोणालाही वाटावे की नदीच्या काठाने उंच भिंती बांधाव्या आणि मोकळे व्हावे. काठ बांधून काढण्याची सूचना विश्वेश्वरय्यांच्या योजनेतही होती. परंतु त्यांनी चौकशी सुरू केली ती शहराच्या वरच्या अंगाला. पाऊस कोठे, किती आणि किती तासांत पडला याचे आकडे गोळा झाले. मुसीच्या खोऱ्यात सातशेहून अधिक लहानमोठे तलाव होते आणि त्यांतले दोनशेहून अधिक त्या पावसात फुटले होते. म्हणजे शहरावर नुसते आभाळ कोसळले नव्हते. एकामागून एक फुटलेल्या तलावांचे पाणीही कोसळले होते. लोक नदीला दोष देत होते. खरे कारण कित्येक कोस वर, रानातल्या बांधांपाशी होते.

हे निदान झाल्यावर उपायाची दिशा आपोआप ठरली. शहराच्या वर, मुसीवर एक आणि तिच्या ईसी या उपनदीवर एक अशी दोन धरणे बांधून पूर तेथेच अडवावा, असे त्यांनी सुचवले. जे पाणी शहराचा घात करून गेले, तेच साठवून ठेवले तर शहराला पिण्यास मिळेल, हा दुसरा लाभ. काही महिन्यांतच हे काम आटोपून ते म्हैसूरला मुख्य इंजिनियर म्हणून निघून गेले. १९१२ साली ते तेथील दिवाण झाले. तो इतिहास सर्वश्रुत आहे.

मग धरणे कोणी बांधली? हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. उस्मानसागर १९२० साली पुरा झाला आणि हिमायतसागर १९२७ साली. विश्वेश्वरय्यांनी हैदराबाद सोडल्यानंतर अकरा आणि अठरा वर्षांनी. ही कामे नवाब अली नवाज जंग यांच्यासारख्या तेथल्याच इंजिनियरांनी तडीस नेली. आपण नसताना, आपल्याला न विचारता, दुसऱ्यांना ज्यावरून काम करता आले, असा अहवाल लिहिणे हे सल्लागाराचे खरे कसब. त्यासाठी लेखन साफ लागते, आकडा कोठून आला हे सांगावे लागते आणि वाचणाऱ्याला आपल्यावर अवलंबून ठेवण्याचा मोह टाळावा लागतो. आजच्या धंद्यात हा मोह फार मोठा आहे. पुष्कळांचे उत्पन्न गिऱ्हाइकाच्या अज्ञानावरच चालते.

या विद्येची दुसरी बाजू ग्वाल्हेरने पाहिली. सांक नदीवरील तिघरा धरणाला विश्वेश्वरय्यांच्या पद्धतीची स्वयंचलित दारे बसवली होती. दारे नामी होती. परंतु धरणाचा पाया वालुकाश्मावर होता. त्यातून पाणी झिरपत गेले आणि ऑगस्ट १९१७ मध्ये धरण फुटून मोठी हानी झाली. पुढे ते पुन्हा बांधावे लागले. दोष दारांचा नव्हता. तरीही प्रत्येक सल्लागाराने हा प्रसंग मनाशी बाळगावा. आपल्याला दारांविषयी विचारले म्हणून आपण दारांपुरतेच उत्तर देतो. पायाविषयी कोणी विचारलेच नसते. मग तो प्रश्न कोणी काढायचा? हिशेब तपासणाऱ्याला धंद्याची मुळातली तूट दिसते, घर आखणाऱ्याला शेजारच्या नाल्याची जुनी वाट दिसते. ‘हे माझ्या कामात येत नाही’ हे वाक्य अशा वेळी कायद्याने निर्दोष असते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. विश्वेश्वरय्यांचा स्वाध्याय चोवीस वर्षे सरकारी वेतनाच्या छायेत झाला. आज करसल्लागार, वास्तुशिल्पी किंवा शेतीतज्ज्ञ म्हणून स्वतंत्र पाटी लावणाऱ्या तरुणाला ती सवड नाही. महिन्याचे भाडे डोक्यावर असते. जपानचा प्रवास त्याला परवडणार नाही. परंतु आपण दिलेल्या प्रत्येक सल्ल्याची एक वही त्याला ठेवता येईल: काय विचारले, काय सांगितले, का सांगितले. आणि वर्षभराने त्या गिऱ्हाइकाकडे विनामूल्य जाऊन, सांगितले ते घडले का, हे पाहता येईल. हे करणारे फार थोडे आढळतात. चूक उघडी पडेल ही भीती असतेच. शिवाय या फेरीचे पैसे कोणी देत नाही. पण असे पाच-दहा निकाल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर जी समज येते, ती वर्गात बसून येईलसे वाटत नाही. वाचन तर हवेच. मात्र हातातल्या कामाने उभ्या केलेल्या प्रश्नासाठी वाचलेले दहा पानांचे टिपण नुसत्या हौसेने चाळलेल्या ग्रंथापेक्षा अधिक टिकते, हा बहुतेकांचा अनुभव आहे.

स्वातंत्र्यानंतर गंगेवर बिहारात पूल कोठे बांधावा याविषयी वाद पडला. जागा निवडण्याच्या कामी १९५२ साली पुन्हा विश्वेश्वरय्यांनाच बोलावण्यात आले. तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. नकाशे घरी मागवून मत कळवले असते तरी कोणी नाव ठेवले नसते. ते स्वतः गंगेकाठी गेले आणि त्यांनी जागा पाहिल्या. तो पूल मोकामा येथे झाला आणि १९५९ साली वाहतुकीस खुला झाला.