सहावी, सातवी, आठवी : शाळेच्या अपेक्षा आणि घराचा वाटा

(जुबिलीनिमित्त भरलेल्या पालकसभेत शिक्षकवर्गाच्या वतीने वाचलेले भाषण)



धर्मग्रामाच्या जुबिलीच्या या मंगल प्रसंगी आम्हां शिक्षकांस चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, याबद्दल आम्ही व्यवस्थापक मंडळींचे ऋणी आहोत. अशा समयी गतकाळाचे गुणगान करावे असा प्रघात आहे. ते कार्य आमच्याहून वडील व अधिकारी वक्त्यांनी उत्तम रीतीने केले आहेच. आम्ही आपले लक्ष एका लहानशा कागदाकडे वेधू इच्छितो. जून महिन्यात शाळा उघडली की सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलाच्या हाती वर्गाच्या नियमांचा व वर्षाच्या अभ्यासाचा एक कागद दिला जातो. हजेरी कशी असावी, गृहपाठ केव्हा दाखवावा, प्रकल्प कोणी करावा, गुण कशाचे मिळतील, हे सर्व त्यात लिहिलेले असते. पालक त्याखाली सही करतात, आणि पुष्कळदा तो कागद दप्तराच्या तळाशी जाऊन बसतो. त्या सहीने आपण कशास मान्यता दिली, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम या तीन इयत्तांचेच महत्त्व का, ते पाहू. पाचवीपर्यंत बहुधा एकच गुरुजी किंवा बाई बहुतेक विषय शिकवितात. मूल उदास असले, वही आणावयास विसरले, तर ते त्यांच्या नजरेतून सुटत नाही. सहावीपासून प्रत्येक विषयास निराळे शिक्षक येतात. घंटा होते, एक जातात व दुसरे येतात. तीन भाषा, गणित, विज्ञान, इतिहास व नागरिकशास्त्र, भूगोल, शिवाय चित्रकला, कार्यानुभव व शारीरिक शिक्षण, एवढ्यांचे वेळापत्रक अकरा-बारा वर्षांच्या मुलाने स्वतः सांभाळावे अशी अपेक्षा असते. ज्या वयात त्यास कोणी बोट धरलेले आवडेनासे होते, त्याच वयात कामाचा बोजा दुप्पट होतो. म्हणून नियम लिहून द्यावे लागतात.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. आपल्या आजोबांच्या काळी सातवीची फायनल परीक्षा म्हणजे गावातील मोठी गोष्ट असे. नापास झालेले मूल घरी येई तेव्हा ते का नापास झाले हे साऱ्या आळीस कळे. २००९ च्या बालशिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणासही त्याच वर्गात मागे ठेवता येणार नाही असे ठरविले. हेतू थोर होता, कारण नापासाच्या लाजेने शाळा सोडणारी मुले थोडी नव्हती. पुढे २०१९ साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२३ मध्ये आपल्या राज्याने पाचवी व आठवी या दोन वर्गांस वार्षिक परीक्षा लागू केली. त्यात जो उत्तीर्ण होणार नाही त्यास जादा मार्गदर्शन देऊन, निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी द्यावयाची. तीतही न जमल्यास त्यास त्याच वर्गात ठेवता येते, परंतु शाळेतून काढता येत नाही.

आता याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. पाचवीचे दार ओलांडून सहावीत आलेले मूल सातवीत जाणार व आठवीतही जाणार. त्यास काय येते व काय येत नाही, हे सांगणारे पुढचे दार आठवीच्या अखेरीस आहे. मधल्या काळात ‘पास झाला’ या शब्दाने घरी समाधान मानले, तर मूल तीन वर्षे मागे पडत राहील आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही. ज्यास अपूर्णांक नीट समजले नाहीत त्यास गुणोत्तर समजत नाही. गुणोत्तर नाही म्हणून शेकडेवारी नाही, शेकडेवारी नाही म्हणून व्याज नाही. नववीत गणिताची भीती घेऊन बसलेले मूल बहुधा सहावीतच कोठेतरी अडलेले असते. पूर्वी ते अडणे परीक्षा दाखवीत असे. आता ते शाळेने व घराने मिळून पाहावयाचे आहे.

म्हणून त्या कागदातील कलमे एकेक करून पाहू.

पहिले कलम हजेरीचे. वरील कायद्याने या वर्गांसाठी वर्षाचे किमान २२० दिवस व १००० तास अध्यापन ठरविले आहे. म्हणजे दिवसास सुमारे साडेचार तास. लग्नकार्य, साखरपुडा, पाहुण्यांचे येणे, वाडीतील कामाची घाई, यांसाठी महिन्यास दोनच दिवस मूल घरी राहिले, तर दहा महिन्यांत वीस दिवस, म्हणजे सुमारे ९० तास गेले. एकूण वर्षाचा तो अकरावा हिस्सा होय. आजाराची गोष्ट निराळी. आजारी मुलास घरीच ठेवावे. परंतु लग्न रविवारी असता शुक्रवारपासून रजेचा अर्ज आला, तर त्या मुलाचे काय बुडाले हे सोमवारी कोणी सांगावे? तेव्हा रजेच्या दिवशी झालेला पाठ दुसऱ्याच्या वहीवरून उतरवून घेणे व न समजलेला भाग शिक्षकांस विचारणे, ही त्या कलमाची दुसरी बाजू आहे. नुसती वही पुरी झाली म्हणून पाठ पुरा झाला असे नाही.

दुसरे कलम गृहपाठाचे. २०२० च्या दप्तरविषयक राष्ट्रीय धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांस दिवसास एक तासाहून अधिक गृहपाठ नसावा असे सुचविले आहे. दप्तराचे ओझेही मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त असू नये असे म्हटले आहे. आम्हांस हे मान्य आहे. एक तासाच्या वर काम जात असेल तर पालकांनी वहीत तसे लिहून पाठवावे, आम्ही ते कमी करू. मात्र तो एक तास खरा एक तास असावा. संध्याकाळची प्रार्थना व जेवण यांच्या मध्ये दूरदर्शन बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत, आणि मुलासाठी एक कोपरा, एवढे बहुतेक घरांस शक्य आहे. ज्या घरी एकच खोली आहे व माणसे पुष्कळ आहेत, त्या घरच्या पालकांनी संकोच न करता आम्हांस सांगावे; शाळा सुटल्यावर तास-दीड तास बसण्यास वर्गात जागा करून देता येईल. आईवडिलांस विषय येत नाही ही अडचण नव्हे. ‘आज काय शिकलास, मला सांग’ एवढे विचारता आले तरी पुरे. सांगता सांगता मुलास आपले न समजलेले आपोआप सापडते.

तिसरे कलम प्रकल्पाचे, आणि येथे आम्हांस थोडे स्पष्ट बोलावे लागेल. २० ऑगस्ट २०१० च्या शासननिर्णयाने मूल्यमापनाचे दोन भाग केले : वर्षभर चालणारे आकारिक व सत्राच्या शेवटी होणारे संकलित. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय ही पहिल्याची साधने. त्या वेळी पाचवी-सहावीस दोहोंचा वाटा निम्मानिम्मा व सातवी-आठवीस ४० आणि ६० असा ठरला. एका दिवसाच्या परीक्षेवर सारे अवलंबून नसावे, हा त्यामागील न्याय्य विचार होता. परंतु स्टेशनरीच्या दुकानात तयार तक्ते मिळू लागले, मोठी बहीण रात्री जागून प्रतिकृती करू लागली, आणि हल्ली तर यंत्रास सांगितले की निबंधही लिहून मिळतो. असा प्रकल्प वर्गात येतो तेव्हा त्याचे अक्षर सुंदर असते आणि मूल मुके असते. म्हणून आमची अट अशी : प्रकल्प लहान असो, कागद साधा असो, अक्षर वेडेवाकडे असो, पण दोन मिनिटे उभे राहून त्याविषयी मुलास बोलता आले पाहिजे. विहिरीच्या पाण्याची पातळी दर आठवड्यास मोजून वहीत मांडणारे मूल, विकत घेतलेल्या रंगीत ज्वालामुखीहून अधिक विज्ञान शिकते. प्रकल्पासाठी पैसे खर्च करावेत अशी शाळेची मुळीच इच्छा नाही.

चौथे कलम प्रगतिपुस्तकाचे. त्यात अ-१ पासून ई-२ पर्यंत नऊ श्रेणी असतात. पालकांची दृष्टी प्रथम तेथे जाते व पुष्कळांची तेथेच थांबते. वास्तविक श्रेणीच्या शेजारी शिक्षकाने जी वर्णनात्मक नोंद केलेली असते, ती अधिक महत्त्वाची. ‘वाचताना जोडाक्षरे अडखळतात’ हे वाक्य श्रेणीहून अधिक सांगते, कारण त्यावर घरी उपाय करता येतो. ३३ टक्क्यांच्या खाली, म्हणजे ई श्रेणीत असलेल्या मुलास जादा मार्गदर्शन देऊन वर आणावे, असे त्याच शासननिर्णयात म्हटले आहे. तेव्हा ई श्रेणी दिसताच मुलास मारू नये. आम्हांस येऊन विचारावे, ‘जादा मार्गदर्शन केव्हा सुरू करता?’

येथवर मुलांची व पालकांची कर्तव्ये झाली. त्याच कागदावर आमचीही सही असते, हे विसरता कामा नये. कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलास शारीरिक शिक्षा वा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. २४ व्या कलमाने शिक्षकाने वेळेवर यावे, अभ्यासक्रम मुदतीत पुरा करावा, प्रत्येक मुलाची ग्रहणशक्ती पाहून लागेल ते अधिक शिकवावे व पालकांस नियमित भेटून प्रगती सांगावी, असे बंधन घातले आहे. आणि २८ व्या कलमाने शिक्षकाने खाजगी शिकवण्या करू नयेत असे बजाविले आहे.

यावर कोणी विचारील की, हा कायदा आपल्या शाळेस लागू आहे काय? प्रश्न रास्त आहे. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अल्पसंख्याकांनी चालविलेल्या शाळांस हा कायदा लागू नाही असा निर्णय दिला. पुढे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा असे म्हटले. न्यायालयाचा अंतिम निवाडा काय लागावयाचा तो लागो. आपली शाळा आपण चालवावी हा घटनेच्या ३० व्या कलमाने दिलेला हक्क आपणांस प्रिय आहे. पण तो हक्क शाळा चांगली चालविण्याचा आहे. शेजारच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलास जे कायद्याने मिळते, त्याहून कमी आपल्या मुलास मिळावे यासाठी आपल्या वाडवडिलांनी पदरमोड करून शाळा उभारल्या नाहीत. म्हणून कायद्याने सक्ती असो वा नसो, वरील बंधने आम्ही स्वखुशीने पाळू, आणि त्यांत कसूर झाल्यास आपण आम्हांस जाब विचारावा.

विद्यार्थ्यांनो, शेवटचे दोन शब्द तुम्हांसाठी. न समजलेले विचारणे हाही वर्गाचा नियमच आहे. तुम्ही हात वर कराल तेव्हा कोणी हसेल. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांस ते समजलेले नसते. वही विसरलात तर विसरलो म्हणून सांगा. खोटे कारण शोधण्यात जेवढी बुद्धी लागते तेवढ्यात गृहपाठ होतो.

पालकहो, आज घरी गेल्यावर तो कागद दप्तरातून बाहेर काढावा, मुलास जवळ बसवून एकदा मोठ्याने वाचावा, आणि जे कलम आपणांस कठीण वाटेल त्यापुढे खूण करून पुढील पालकसभेस तो सोबत आणावा. त्या खुणांवरच आपण सभेत बोलू. जुबिलीचे दीप व पताका उतरतील. पुढच्या सोमवारी पहिली घंटा मात्र नेहमीच्या वेळी होईल, आणि त्या वेळी आम्ही वर्गात असू.