फोनची डुलकी आणि आपली सावधानता

(पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामपातळीवरील अधिकारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मृगाच्या तोंडावर विजा कडाडू लागल्या की शिवारात राबणाऱ्या माणसाच्या जिवाचा प्रश्न उभा राहतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजेची सूचना देणारे 'दामिनी' हे अ‍ॅप तयार केले आहे. ते फोनवर घेतले म्हणजे आपले कर्तव्य संपले, अशी समजूत मात्र होता कामा नये. सूचना वेळेवर पोहोचणे हे फोनमधील वीजबचतीच्या व्यवस्थेवरही अवलंबून असते.

फोनचा पडदा मालवला तरी अनेक अ‍ॅप आतून काम करीतच असतात. प्रत्येकाने वाटेल तेव्हा इंटरनेटशी संपर्क साधला, तर बॅटरी लवकर संपते. यावर उपाय म्हणून २०१५ साली अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीत 'डोझ', म्हणजे डुलकी, ही योजना आली. फोन चार्जरला लावलेला नसेल, पडदा बंद असेल आणि फोन एका जागी स्थिर असेल, तर काही वेळाने अ‍ॅपचा इंटरनेट-संपर्क थांबविला जातो. तुंबलेली कामे ठराविक अंतराने थोड्या वेळात उरकून घेतली जातात. आणि फोन जितका अधिक काळ पडून राहील, तितके हे अंतर वाढत जाते. २०१६ च्या सातव्या आवृत्तीपासून खिशातल्या हलत्या फोनलाही याचे सौम्य रूप लागू झाले. २०१८ पासून क्वचित उघडल्या जाणाऱ्या अ‍ॅपवर अधिक निर्बंध आले.

ही व्यवस्था अनिष्ट आहे, असे मुळीच नाही. तिच्यामुळेच फोन दिवसभर चालतो. तातडीच्या संदेशांसाठी तिच्यात वाटही ठेवलेली आहे. साधे दूरध्वनी व एसएमएस तर नेहमीप्रमाणे येतच राहतात. परंतु जे अ‍ॅप वर्षातून दोन महिनेच उपयोगी पडते, तेच क्वचित वापराच्या वर्गात जाण्याचा संभव अधिक, हे विसरून चालणार नाही.

म्हणून तीन गोष्टी कराव्यात. पहिली, पावसाळ्यापूर्वी असे अ‍ॅप उघडून पाहावे व सूचनांना परवानगी द्यावी. दुसरी, सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या बॅटरीविषयक पर्यायांतून 'अनरिस्ट्रिक्टेड', म्हणजे अनिर्बंध, हा पर्याय निवडावा. फोनच्या कंपनीप्रमाणे हे शब्द थोडे बदलतात. ही सवलत एकदोन अत्यावश्यक अ‍ॅपपुरतीच असावी, अन्यथा बचतीचा हेतूच फसेल. तिसरी, अ‍ॅप 'फोर्स स्टॉप' करू नये. तसे केल्यास पुन्हा उघडेपर्यंत ते निद्रिस्तच राहते.

शिक्षकांनी हे विद्यार्थ्यांना शिकविल्यास ते घरोघर पोहोचेल. सदस्यांनी मात्र केवळ फोनवर विसंबून न राहता ध्वनिक्षेपकाची जोड द्यावी. आणि गडगडाट कानी पडताच, फोन वाजो वा न वाजो, झाडाचा आडोसा न घेता पक्क्या इमारतीत जावे, हा नियम प्रत्येक शेतकरी कुटुंबापर्यंत पोहोचवावा, असे माझे आपणांस आवाहन आहे.