प्रशिक्षण नेमके कोणाच्या हाताला?



कृषी विद्यापीठाने संशोधन करावे आणि पदवीधर घडवावेत, एवढीच अपेक्षा पुष्कळांची असते. शेतात प्रत्यक्ष राबणारे कुशल मनुष्यबळ तयार करणे हीदेखील विद्यापीठाची जबाबदारी आहे. कृषी विज्ञान केंद्रे त्यासाठीच निघाली. १९७३ मध्ये नेमलेल्या डॉ. मोहनसिंह मेहता समितीने त्यांचा आराखडा मांडला आणि १९७४ मध्ये तामिळनाडू कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत पाँडिचेरी येथे देशातील पहिले केंद्र सुरू झाले. आज अशी सातशेहून अधिक केंद्रे आहेत. केंद्र विद्यापीठाचे असो वा स्वयंसेवी संस्थेचे, बहुतेक केंद्रे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अनुदानावर चालतात. ‘करून शिकणे’ हे त्यांचे मूळ सूत्र आहे.

हे अनुदान जनतेच्या पैशातून येते. म्हणून ते योग्य हातापर्यंत पोहोचते का, हे तुम्हीही पाहिले पाहिजे.

भाताचे उदाहरण घेऊ. चारसूत्री पद्धतीत रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख वापरणे, चिखलणीच्या वेळी गिरिपुष्पाचा पाला गाडणे, नियंत्रित लावणी करणे आणि युरिया-डीएपी ब्रिकेट खोचणे ही चार सूत्रे आहेत. पहिली दोन कामे मालक स्वतः करू शकतो. उरलेली दोन मात्र लावणीच्या बायकांच्या हातात असतात. १५ आणि २५ सेंटिमीटरच्या आलटून पालटून खुणा केलेली दोरी धरायची, प्रत्येक चुडात दोन ते तीन रोपे लावायची आणि त्याच दिवशी चार चुडांच्या चौकोनात मधोमध ७ ते १० सेंटिमीटर खोल एक ब्रिकेट खोचायची. ब्रिकेट सुमारे २.७ ग्रॅमची असते. हिशेबाने एका आरला ६२५ ब्रिकेट, म्हणजे साधारण १.७ किलो खत लागते. ब्रिकेट वरच राहिली, तर नत्र पाण्याबरोबर व हवेत निघून जाते आणि केलेला खर्च वाया जातो.

आता प्रशिक्षण वर्गाची यादी आठवून पाहा. बहुतेक नावे जमीनमालक पुरुषांची असतात. ते ऐकतात, टिपणे घेतात, प्रमाणपत्र घेऊन घरी जातात. लावणीला मात्र वर्गाचे तोंडही न पाहिलेल्या बायका उतरतात आणि पूर्वीसारखीच लावणी होते. मग ‘पद्धत आमच्याकडे जमत नाही’ असा शेरा बसतो. पद्धत शिकायची होती त्या हातांना ती कोणी शिकवलीच नव्हती.

यावर उपाय अवघड नाही. मे महिन्यातच गावातील आठ-दहा शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जवळच्या केंद्राकडे लेखी मागणी करावी. तीत लावणीच्या टोळीतील स्त्रियांची नावे द्यावीत. वर्ग केंद्राच्या सभागृहात न घेता गावातल्या खाचरात घ्यावा, अशी विनंती करावी. मजूर बाईला एक दिवस वर्गाला बसणे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणे. प्रशिक्षणाच्या अनुदानात ती धरलेली असेलच असे नाही. तेव्हा ती सर्वांनी वाटून द्यावी.

पहिले दोन-तीन दिवस काम संथ चालेल. त्या काळात लावणी उक्ती देऊ नका, रोजावर करून घ्या. उक्त्या कामात हात घाईने चालतो आणि दोरी बाजूला पडते. हात बसला की वेग आपोआप येतो. अशी शिकलेली टोळी शेजारच्या गावातही बोलावली जाईल. तेव्हा तिला कौशल्याचा जादा दर द्या, म्हणजे शिकण्याची गोडी टिकेल.

अनुदानातून एक वर्ग होतो. त्यातून कायमचे कुशल हात तयार व्हायचे असतील, तर या खरिपात प्रशिक्षणाच्या यादीत आपल्या नावाआधी लावणी करणारणीचे नाव लिहा.