तारे काढा, पण जागच्या जागी परत ठेवा



पावसाळा सरला की ऑक्टोबरच्या संध्याकाळी उज्जैनमध्ये हंस तारकासमूह जवळजवळ डोक्यावर येतो. त्यात '५२ सिग्नी' नावाचा तारा आहे. काळोख्या जागेवरून तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. उज्जैनचा अक्षांश सुमारे २३.२ अंश आणि या ताऱ्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर, सुमारे ३०.७ अंश. म्हणजे याम्योत्तर वृत्त ओलांडताना तो खमध्यापासून, म्हणजे थेट डोक्यावरच्या बिंदूपासून, साडेसात अंश उत्तरेला असतो. असे नतांश मोजण्यासाठीच इथल्या वेधशाळेत दक्षिणोत्तर भित्ती यंत्र उभं आहे. सवाई जयसिंगानं अठराव्या शतकात बांधलेली ही वेधशाळा माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये दुरुस्त करवून घेतली. पुढे तिचं अधीक्षकपद गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्गणितज्ञांनी सांभाळलं. ताऱ्याची जागा हेच इथलं मुख्य धन.

आणि आज दुर्बिणीला कॅमेरा जोडून आकाशाचे फोटो काढणारी अनेक मंडळी काय करतात? फोटोतले तारेच काढून टाकतात! ऐकताना हे खटकतं. पण त्यामागे कारण आहे.

५२ सिग्नीच्या मागे, त्याच्याहून कितीतरी दूर, व्हेल तेजोमेघ पसरलेला आहे. दहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वी स्फोट पावलेल्या ताऱ्याचे हे अवशेष आपल्यापासून सुमारे २,४०० प्रकाशवर्षांवर आहेत. विल्यम हर्शेलनं १७८४ मध्ये ते पाहिले. आकाशात त्यांची रुंदी सहा पूर्णचंद्र शेजारी शेजारी ठेवावेत इतकी, पण तेज अगदी क्षीण. कर्कवृत्तावरच्या डोंगला गावासारख्या काळोख्या ठिकाणीही कॅमेऱ्यानं तासन्‌तास प्रकाश साठवावा लागतो. बरेच फोटो एकावर एक रचले, म्हणजे स्टॅकिंग केलं, तरी पडद्यावर काळोखच दिसतो, कारण तेजोमेघ पार्श्वभूमीपेक्षा किंचितच उजळ असतो. तो वर आणण्यासाठी चित्राची उजळता ताणावी लागते. ताण तेजोमेघापुरता राहत नाही. तारे फुगतात, त्यांचे निळे-नारिंगी रंग जाऊन ते पांढरे होतात, आणि आकाशगंगेच्या या गर्दीत तेजोमेघाचे तंतू हरवतात.

म्हणून दोन चित्रं करायची. निकिता मिसियुरा यांचं स्टारनेट किंवा रसेल क्रोमन यांचं स्टारएक्सटर्मिनेटर हे काम करतं. स्टारनेट तर सिरिल या मोफत प्रोग्रॅममधूनही चालवता येतं. एका चित्रात नुसता तेजोमेघ, दुसऱ्यात नुसते तारे. तेजोमेघ हवा तितका ताणावा, ताऱ्यांना हलक्या हातानं उजळावं, आणि मग दोन्ही एकत्र करावीत. सरळ बेरीज केली तर उजळ जागा भाजून निघतात. त्यासाठी 'स्क्रीन' पद्धत वापरतात. दोन्ही चित्रं उलटी करून गुणायची आणि आलेलं उत्तर पुन्हा उलटायचं. हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या अरुंद फिल्टरमधून फोटो घेतले असतील तर ताऱ्यांचे रंग विचित्र येतात. तेव्हा लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरमधून वेगळे घेतलेले तारे बसवणं योग्य, कारण ताऱ्याचा रंग त्याचं तापमान सांगतो.

आता मला मनापासून सांगायचं आहे ते हे. तारा काढल्यावर त्याखाली काय होतं, ते कॅमेऱ्यानं पाहिलेलंच नसतं. हे प्रोग्रॅम तारे असलेल्या आणि नसलेल्या चित्रांच्या जोड्यांवर शिकलेले असतात. रफूगार आजूबाजूचे धागे बघून भोक भरतो, तसं ते शेजारच्या बिंदूंवरून रिकामी जागा भरतात. छोट्या ताऱ्याखाली याचा फरक पडत नाही. पण ५२ सिग्नीची प्रभा फोटोत केवढी मोठी येते! तेजोमेघाचा तंतू नेमका तिच्यामागून जातो. ती पुसल्यावर तिथे जो सुंदर तंतू दिसतो, तो अनुमान आहे, वेध नव्हे. कधी प्रोग्रॅम लहानशा दीर्घिकेला किंवा तेजोमेघातल्या गाठीला तारा समजून उचलतो, तर कधी मोठ्या ताऱ्याभोवतीचं कडं मागे ठेवतो.

हल्ली तारे परत ठेवताना त्यांना इतकं बारीक करतात, की आकाशगंगेचा भाग ओसाड वाटू लागतो. काही जण तर ते परत ठेवतच नाहीत. अभ्यासासाठी ताराविरहित चित्र जरूर करावं, पण त्याखाली तसं लिहावं. व्हेल तेजोमेघ म्हणून जे चित्र लोकांपुढे जाईल, त्यात ५२ सिग्नी हवाच, त्याच्या जागी, त्याच्या रंगात, शेजाऱ्यांच्या मानानं असलेल्या तेजासह. ज्या उज्जैनमधून भारतीय ज्योतिषानं शून्य रेखावृत्त मोजलं, तिथे तरी एवढा आग्रह धरायला हवा.

एक सोपी पडताळणी सांगतो. न ताणलेलं मूळ स्टॅकिंग कायम जपून ठेवावं. काम संपलं की त्याची प्रत तेजोमेघ दिसेल इतकी उजळून तयार चित्रावर ठेवावी आणि दोन्ही आलटून पालटून बघावीत. मूळ चित्रात नसलेला ठिपका किंवा तंतू तयार चित्रात दिसला, तर तो काढावा. मूळ चित्रातला तारा तयार चित्रात नसेल, तर तो परत आणावा.