एकनाथ सोलकर : हसरा, धीट गडी

एकनाथ सोलकर २६ जून २००५ रोजी मुंबईत वारले. धावांच्या राशी त्यांच्या नावावर नाहीत. तरी रसिक त्यांना विसरत नाहीत. का बरे? हिंदू जिमखान्याचे मैदान राखणाऱ्याचा हा मुलगा फलंदाजाच्या अगदी पुढ्यात, शिरस्त्राणाविना उभा राही. २७ कसोट्यांत ५३ झेल! १९७१ साली ओव्हलवर त्यांनी ॲलन नॉटचा झेल झेपावून, जमिनीलगत टिपला. त्याच सामन्यात भारताने इंग्लंडात पहिला कसोटी विजय मिळवला. बॉयकॉटसारख्या मातब्बराला ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत डिवचीत, अन् बादही करीत.

गुरुजी, बॅट तर प्रत्येक मुलाला हवी असते. जोखमीच्या जागी हसत उभा राहणाऱ्याची पाठही थोपटत चला.