चार रात्री रोम, चार रात्री फ्लॉरेन्स
(ताम्हिणी येथे जानेवारी २०२६ मध्ये झालेल्या आपल्या बॅचच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषयही दिला आहे: आपल्या भिशीतून जी इटलीची सहल ठरते आहे, तिचं नियोजन. गेली चार वर्षं आपण सतरा जण दर महिन्याला तीन हजार बाजूला टाकतोय. डोकी एक लाख चव्वेचाळीस हजार जमलेत. हे पैसे कुणाच्या पगारातून आलेत, कुणाच्या दुधाच्या बिलातून, कुणी शिवणाच्या मशीनवर बसून कमावलेत. आपल्यातल्या सहा जणांचा हा पहिलाच परदेश प्रवास, आणि त्यातल्या दोघी मला म्हणाल्या की बहुतेक शेवटचाही. म्हणून 'जाऊ, बघू तिथं काय ते' असं करता येणार नाही.

आधी तारखा. सतरा घरांचं पंचांग जुळवणं हे माझ्या ऑफिसातल्या कुठल्याही प्रोजेक्टपेक्षा अवघड निघालं. मे महिना मुलांच्या प्रवेशपरीक्षांमुळे गेला. ऑगस्टमध्ये इटलीत कडक ऊन, आणि १५ ऑगस्टच्या आसपास तिथली माणसंच दुकानं बंद करून सुट्टीला जातात. आपल्याकडे यंदा अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला आणि घटस्थापना ११ ऑक्टोबरला. मधला पंधरवडा मोकळा. हा पितृपक्ष आहे हे मला माहीत आहे. दोघींच्या सासूबाईंचे फोनही येऊन गेले. पण हवा उत्तम, गर्दी ऑगस्टपेक्षा कमी, आणि लग्न-मुंज-वास्तुशांत काहीही आडवं येणार नाही असा वर्षातला दुसरा पंधरवडा मला सापडला नाही. ज्यांच्या घरी श्राद्धाची तिथी या दिवसांत आहे, त्यांनी आजच सांगा, दोन दिवस मागेपुढे करता येतील. पावसाची काळजी करू नका. जुलै २०२४ मध्ये इथे ताम्हिणीत एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडला होता. रोमला वर्षभरात साधारण आठशे पडतो. आपण छत्री न्यायची ती फोटोपुरती.

आता भांडणाचा मुद्दा. ग्रुपवर जे छापील पत्रक फिरतंय त्यात आठ दिवसांत रोम, पिसा, फ्लॉरेन्स, व्हेनिस, व्हेरोना, मिलान अशी सहा शहरं आहेत. मी त्याचे तास मोजले. रोज बॅग भरणं, बस, बॅग उघडणं यात दिवसाचे पाच-सहा तास जातात. पिसाला चाळीस मिनिटं, म्हणजे मनोऱ्याला हात लावून धरल्याचा फोटो आणि स्वच्छतागृहाची रांग. आपल्याबरोबर बाई येणार आहेत, त्यांचं वय त्र्याहत्तर. त्यांना रोज पहाटे साडेसहाला सामान घेऊन खाली उतरवायचं का, एवढं एकच मला विचारायचं आहे.

माझा प्रस्ताव आठ रात्रींचा आणि दोनच मुक्कामांचा: चार रात्री रोम, चार रात्री फ्लॉरेन्स. दोन्हींमध्ये वेगवान ट्रेनने दीड तासाचं अंतर. ट्रेन शहराच्या मधोमध सोडते. व्हेनिस यादीतून काढलं म्हणून तिघी-चौघी माझ्यावर रागावल्या आहेत. फ्लॉरेन्सहून व्हेनिसला दोन-सव्वादोन तास लागतात. ज्यांना जायचं त्यांनी एक दिवस सकाळी जाऊन रात्री परत यावं. एका दिवसासाठी येणाऱ्यांकडून व्हेनिस २०२४ पासून काही ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क घेतं, तेवढं तारीख बघून भरावं लागेल. बाकीच्यांसाठी माझ्याकडे त्याहून चांगलं काम आहे.

ते काय, ते सांगायला मला थोडं मागे जावं लागेल.

फ्लॉरेन्सच्या पश्चिमेला आर्नो नदीच्या काठाने कास्चीने नावाचं मोठं उद्यान आहे, साडेतीन किलोमीटर लांब. त्याच्या अगदी टोकाला, जिथं मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते, तिथं एक छत्री आहे. आपल्याकडे राजघराण्याच्या समाधीवर असते तशी. छत्रीखाली फेटा बांधलेल्या एका तरुणाचा अर्धपुतळा. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. १८७० साली ते युरोपच्या दौऱ्यावर गेले, लंडनला राणी व्हिक्टोरियाला भेटले, आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वय वीस. तेव्हा फ्लॉरेन्स ही इटलीची राजधानी होती. त्या शहराने हिंदू पद्धतीचा अंत्यसंस्कार कधी पाहिला नव्हता. तरी परवानगी मिळाली, आणि दोन नद्यांच्या संगमावर अग्नी दिला गेला. चार वर्षांनी तिथं हे स्मारक उभं राहिलं. त्यावर चार भाषांत मजकूर कोरलेला आहे. पुढे जवळच आर्नोवर मोठा पूल झाला, त्याचं नाव 'पोंते आल इंदियानो', म्हणजे त्या भारतीयाचा पूल. रोज त्यावरून हजारो गाड्या जातात. कोल्हापूरचं राजाराम कॉलेज याच राजांच्या नावाचं. आपल्यातले दोघं तिथं शिकलेत, त्यांनी तरी ही जागा चुकवू नये. सहाही शहरं दाखवणाऱ्या त्या पत्रकात ती नाही.

दुसरी जागा आपल्या आणखी जवळची. हा घाट उतरला की निजामपूर, पुढे माणगाव. माणगावच्या तहसील कचेरीबाहेर एका सैनिकाचा पुतळा आहे. आपण कोकणात जाताना तिथं वडापावला थांबतो, पुतळ्याकडे किती जणांनी पाहिलंय? ते नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज तुकडीतला प्रत्येक जण मेला किंवा जखमी झाला. हे एकटे पुढे धावले. हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. बंदुकीत नवं मॅगझिन घालायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी स्वतः पडले. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीच्या लढाईत असे वीस क्रॉस दिले गेले, त्यातले सहा भारतीयांना. त्यातलाच आणखी एक मराठ्यांच्या पहिल्या पलटणीतल्या नगर जिल्ह्याच्या नामदेव जाधवांचा. ते मात्र सुखरूप परत आले.

पेरुजा जिल्ह्यात टेकडीवर मोंतोने नावाचं जुनं तटबंदीचं गाव आहे. तिथल्या लोकांनी जुलै २०२३ मध्ये यशवंत घाडगेंच्या नावाने एक स्मारक उभं केलं आणि त्याला रूप दिलं सूर्यघड्याळाचं. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, असं त्यावर लॅटिनमध्ये आहे. ही बातमी वाचली तेव्हा मी आपल्या दहावीच्या इतिहासाच्या तासाचा विचार करत होते. दुसरं महायुद्ध आपण दोन गुणांच्या प्रश्नापुरतं शिकलो. डोंगराच्या खालच्या गावातला मुलगा त्यात होता, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. सरांना दोष देत नाही, पुस्तकातच नव्हतं.

तर फ्लॉरेन्सच्या चार दिवसांतला एक दिवस मोंतोनेसाठी. अरेत्झोपर्यंत ट्रेन, पुढे डोंगरातून साधारण तास-सव्वा तासाचा रस्ता. नऊ आसनी दोन गाड्या, चालकासह. स्वतः चालवायचा आग्रह कुणी धरू नका. जुन्या गावांच्या आत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी घरी येते. घाडगेंचं नाव आणखी एका ठिकाणी आहे. त्यांची कबर सापडलेली नाही, म्हणून रोमच्या दक्षिणेला कसिनोच्या युद्धस्मशानातल्या शिलांवर, ज्यांची कबर नाही अशा चार हजारांवर सैनिकांच्या यादीत ते कोरलं आहे. रोमहून साध्या ट्रेनने जाऊन एका दिवसात परत येता येतं. आपल्यातल्या एकाचे पणजोबा त्याच युद्धात मराठ्यांच्या पलटणीतून गेले आणि परतले नाहीत. घरात फोटो नाही, फक्त नाव आणि एक पदक. तो मला म्हणाला, मी उफ्फिझी नाही पाहिली तरी चालेल, मला त्या भिंतीवर नाव शोधू दे. मी त्याला सांगितलंय की आधी राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या यादीत ऑनलाइन शोधू. ती सगळ्यांना खुली आहे, आणि नाव नक्की कुठल्या देशातल्या कुठल्या शिलेवर आहे ते त्यात मिळतं. एकाच नावाचे अनेक सैनिक आहेत, म्हणून पलटण आणि गाव दोन्ही जुळलं पाहिजे. नाव दुसरीकडे निघालं, आफ्रिकेत किंवा ब्रह्मदेशात, तर तेही जायच्या आधी कळलेलं बरं.

उफ्फिझीवरून आठवलं. युद्धात तिथली चित्रं सुरक्षित राहावीत म्हणून फ्लॉरेन्सबाहेरच्या वाड्यांमध्ये हलवली होती. मोंतेगुफोनीच्या वाड्यात बोत्तिचेल्लीचं 'प्रिमावेरा' होतं, आणि १९४४ च्या उन्हाळ्यात तो वाडा लागला तो आठव्या भारतीय डिव्हिजनच्या हाती. त्या चित्रासमोर उभे राहाल तेव्हा एवढं लक्षात असू द्या.

आता रुक्ष कामं. हा भाग मला आवडतो, तुम्हाला नाही आवडणार.

नावं. आपल्या ग्रुपवर सगळ्या जणी माहेरच्या नावाने आहेत, त्यातल्या निम्म्यांचं टोपणनावच मला माहीत आहे. कोलोसियमचं तिकीट नावानिशी निघतं आणि दारात ओळखपत्राशी पडताळतात. ट्रेन, विमान, विमा, व्हिसा सगळीकडे तेच. म्हणून मला हजेरीपटातलं नाव नको, पासपोर्टवर आहे ते, त्याच स्पेलिंगने हवं. एकीचं पासपोर्टवर माहेरचं आणि बँकेत सासरचं नाव आहे. तिने विवाहनोंदणीचा दाखला आतापासून काढून ठेवावा. पासपोर्ट परतीनंतर किमान तीन महिने चालू असायला हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत.

व्हिसा शेंगेनचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे आपण एप्रिलमध्ये करू. शुल्क नव्वद युरो, वर केंद्राचा सेवाखर्च. तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा, आणि बाईंच्या वयाला तो महाग पडतो. ती रक्कम भिशीतून द्यावी असं मी सुचवते. पहिल्यांदा जाणाऱ्यांना बोटांचे ठसे द्यायला स्वतः हजर राहावं लागतं. शेती करणाऱ्या दोघांना प्राप्तिकराचं विवरणपत्र नसण्याची चिंता आहे. बँकेच्या खात्याचे सहा महिन्यांचे उतारे आणि सातबाराचा इंग्रजी अनुवाद जोडू. आणि कृपा करून अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम तीन लाख आणून टाकू नका, ते उठून दिसतात.

बघण्याच्या जागा. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. उफ्फिझी आणि दाविदचा पुतळा असलेली अकादमिया सोमवारी बंद. म्हणून रविवारी आपण रोममध्ये कोलोसियमला आणि सोमवारी मोंतोनेला. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. ओढणीची सोय आपल्याकडे जन्मजात आहे. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा ब्रुनेलेस्कीचा घुमट ४६३ पायऱ्या चढून जावा लागतो. रायगडाला रोपवे आहे, इथे नाही. बाई आणि गुडघेवाले खाली चौकात कॉफी पितील. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यायची, टेबलाशी बसलं की बिल वाढतं.

स्टेशनवर फ्लॉरेन्स शोधू नका, पाटीवर फिरेन्झे असतं. साध्या ट्रेनचं कागदी तिकीट चढण्याआधी मशीनमध्ये छापून घ्यायचं, नाहीतर दंड. शाकाहाऱ्यांसाठी: पिझ्झा, पास्ता भरपूर मिळेल, पण पार्मेजान चीज वासराच्या जठरातलं विरजण वापरून करतात. ज्यांना चालत नाही त्यांनी 'सेन्झा फोर्माज्जो' हे दोन शब्द पाठ करा. रोममध्ये रस्त्यारस्त्यावर पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, पाणी चांगलं असतं, बाटल्या विकत घेऊ नका.

शेवटी पैसे. माझा अंदाज माणशी दोन लाखांच्या आसपास आहे, म्हणजे छप्पन हजार कमी पडतात. पाच जणांना ते जड आहेत, आणि त्यांनी ते मला खासगीत सांगितलं, म्हणून नावं घेत नाही. हॉटेलऐवजी मठांच्या अतिथिगृहांत राहिलो तर बरीच बचत होते. इटलीत जोगिणींचे मठ खोल्या भाड्याने देतात. स्वच्छ, साध्या, आणि काही ठिकाणी रात्री ठरावीक वेळेला दार बंद. वसतिगृहात राहिलेल्यांना सवय आहेच. तरी जी तूट राहील ती ज्यांना शक्य आहे त्यांनी भिशीत जादा हप्ता टाकून भरावी, कुणी कुणासाठी भरला याची नोंद न ठेवता. हे पटत नसेल तर आज हात वर करून सांगा. ग्रुपवर रात्री अकराला नको. सोळा जणांनी जायचं आणि एकाने फोटो बघायचे, या सहलीला मी येणार नाही.

पासपोर्टच्या प्रती आणि शाकाहारी-मांसाहारी, गुडघे, मधुमेह यांचा तक्ता दारापाशी ठेवला आहे, भरून मगच जेवायला जा. उद्या सकाळी जे घाट उतरून माणगावकडे जाणार आहेत, त्यांनी तहसील कचेरीपाशी पाच मिनिटं थांबून त्या पुतळ्याचे आणि खालच्या पाटीचे स्वच्छ फोटो काढून ग्रुपवर टाका. मोंतोनेला दाखवायला लागतील.